बाळाची पहिली शेज

घरात पाळणा हलणार अशी गोड चाहूल लागली की आपल्याकडे तयारीला कित्येक महिने आधीच आरंभ होतो. मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जातात, कुंच्या आणि टोपडी गोळा होतात, बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, आळीव आणून ठेवले जाते. बारशाला कोणाकोणाला बोलवायचे याची यादीही तयार होते. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत कोणी मोठ्याने विचारीत नाही. बाळ रात्री झोपणार कोठे?

'कोठे म्हणजे? आईच्या कुशीत,' असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. मग खरा निर्णय होतो तो रात्री दोन वाजता, बाळंतपणाने थकलेल्या आईचे डोळे मिटू लागलेले असताना. नवजात अर्भक दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारण चौदा ते सतरा तास झोपते. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतील बहुतेक काळ ते आपल्या शेजेवरच काढते. ही शेज कशी असावी, याचा विचार घरातील सर्वांनी दिवसाउजेडी आणि शांत चित्ताने करून ठेवला पाहिजे.

बीरगावातील एक खोली

रायपूर शहराला लागूनच बीरगाव आहे. शेजारी उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल यांवर येथील हजारो कुटुंबांची चूल पेटते. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओरिसातून, उत्तर प्रदेश-बिहारातून लोक येथे आले, तसे विदर्भातूनही आले. या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध नवा नाही. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, परंतु गोंदिया-राजनांदगाव मार्गाने सोयरिकींची ये-जा आजही चालूच आहे.

समजा, अशाच एका कुटुंबाची बीरगावात दहा बाय बाराची खोली आहे. एका भिंतीला पलंग, दुसरीला ओटा, कोपऱ्यात कूलर. वडिलांची आठवड्याआड रात्रपाळी. पहिलटकरीण सून नुकतीच रुग्णालयातून घरी आली आहे आणि तिच्यासाठी वर्ध्याहून सासूबाई आल्या आहेत. त्यांनी येताना राईची उशी, जाडशी गोधडी आणि जुन्या लाकडी पाळण्याचे सुटे भाग आणले आहेत. वडिलांनी दुकानात पलंगाला लागून उभा करावयाचा नवा पाळणा पाहून ठेवला आहे. जागा इतकीच आणि पैसाही मोजका. अशा घराने काय करावे? वाचकहो, आपली खोली नागपुरात असो, इंदुरात असो वा बेळगावात, थोड्याफार फरकाने हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

एवढीशी मान, एवढासा श्वास

प्रथम धोका कोणता तो समजून घेऊ. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेत ते सावरण्याचे बळ नसते. बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. त्याचे नाक उशीत, मऊ गादीत किंवा पांघरुणात रुतले, तर मोठ्या माणसाप्रमाणे डोके उचलून ते सुटका करून घेऊ शकत नाही. नाकापुढे कापडाची खोळ झाली की सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते आणि तिच्यातील प्राणवायू कमी कमी होत जातो. हनुवटी छातीला टेकून मान दुमडली तरी तेच. श्वासनलिका अरुंद असल्याने ती चटकन चेपली जाते. या सर्व प्रकारांत बाळ बहुधा रडतही नाही. म्हणूनच 'रडले तर कळेलच की' या भरवशावर राहू नये.

पश्चिमेकडील देशांत निरोगी दिसणारी तान्ही मुले झोपेतच दगावण्याचे प्रकार पूर्वी फार होते. तेथे बाळाला पालथे निजविण्याची चाल होती. ही चाल आणि हे मृत्यू यांचा संबंध संशोधकांच्या ध्यानात आल्यावर १९९१ साली ब्रिटनमध्ये, १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आणि १९९४ पासून अमेरिकेत देशव्यापी मोहिमेने एकच साधा सल्ला दिला: बाळाला पाठीवर, उताणे निजवा. थोड्याच वर्षांत या देशांतील असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. या उपायास ना औषध लागले ना यंत्र. मातापित्यांनी बाळाची कूस तेवढी बदलली.

आपल्याकडे बाळाला उताणे निजविण्याची रीत बऱ्याच घरांत आहेच. तरी पुष्कळ आज्यांना वाटते की उताण्या बाळाने दूध ओकले तर ते श्वासनलिकेत जाईल. ही भीती मायेची आहे, पण शरीररचना निराळे सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. ओकलेले दूध वर चढून श्वासनलिकेत शिरणे त्या स्थितीत अधिक अवघड असते. पालथ्या बाळाच्या बाबतीत ही रचना उलटी होते. कुशीवर निजविलेले बाळही सहज पालथे होते. तेव्हा रात्र असो वा दुपारची डुलकी, बाळाला प्रत्येक वेळी उताणेच निजवावे. पोटावर ठेवण्याचा व्यायाम त्याला जरूर द्यावा, परंतु तो जागेपणी आणि कोणाच्या तरी नजरेसमोर.

चार कसोट्या

शेज विकत आणलेली असो, सुताराकडून घडविलेली असो वा जमिनीवर अंथरलेली असो, तिला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, ती सपाट आहे काय? डोक्याकडून उंच, मधोमध खोल किंवा एका अंगाला कललेली शेज नको. उतरत्या पाठीचे शिशु-झोके अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकले जात. त्यांत मान दुमडून मृत्यू घडल्यामुळे २०२२ साली तेथे कायद्याने दहा अंशांहून अधिक उताराच्या अशा शेजांवर बंदी घालण्यात आली.

दुसरा प्रश्न, ती घट्ट आहे काय? गादीवर तळहात दाबून उचलावा. हाताचा खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी नव्हे. मोठ्यांना जी गादी कडक वाटते, तीच बाळाला योग्य. कापसाची गादी वापरावयाची असल्यास ती पातळ, दाबून भरलेली आणि जवळजवळ टाके घातलेली असावी. गोळे झालेली जुनी गादी पिंजून घेतल्याशिवाय वापरू नये.

तिसरा प्रश्न, ती रिकामी आहे काय? येथेच आपल्या हौसेला थोडी मुरड घालावी लागते. उशी नको, लोड नको, कापडी बाहुल्या नकोत, कठड्याला बांधावयाच्या मऊ पट्ट्या नकोत, सैल पांघरूण नको. गादीवर ताणून खाली खोचलेली एक चादर आणि तिच्यावर बाळ, एवढेच असावे. डोक्याला गोल आकार यावा म्हणून राईची उशी देतात. तिची गरज नाही. बाळाचे तोंड एक दिवस उजवीकडे तर एक दिवस डावीकडे वळवून निजविले आणि जागेपणी त्याला पोटावर खेळविले, म्हणजे चपटेपणा बहुधा आपोआप भरून येतो. गळ्यातील काळा दोरा वा साखळी निजताना काढून ठेवावी. दृष्ट लागू नये म्हणून उशाखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ज्यांना ती पाळावयाचीच असेल, त्यांनी ते लोखंड बाळाच्या शेजेपासून दूर आणि उंच फडताळात ठेवावे.

चौथा प्रश्न, ती आईच्या जवळ आहे काय? बाळाची शेज स्वतंत्र असावी, पण आईच्याच खोलीत आणि तिच्या हाताच्या अंतरावर असावी. निदान पहिले सहा महिने तरी ही व्यवस्था ठेवावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळाची चुळबुळ आईला ऐकू येते, दूध पाजणे सुलभ होते आणि मोठ्यांच्या अंगाखाली वा रजईखाली बाळ सापडण्याचे भय उरत नाही. स्तनपानाने झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोकाही घटतो, हा आणखी लाभ.

पाळणा, झोळी आणि बाज

आता घरातील जुन्या वस्तू या कसोट्यांवर लावून पाहू.

छताला वा चौकटीला टांगलेला लाकडी पाळणा आपल्या घराघरांचे भूषण आहे. त्याचा तळ फळ्यांचा व सपाट असेल, कठडा पुरेसा उंच असेल, तर तो चांगलाच. मात्र त्याचे कडे, साखळ्या आणि तुळई पारखून घ्यावी. बाळ ठेवण्यापूर्वी वीस किलो धान्याचे पोते त्यात घालून काही वेळ झोके द्यावेत. रात्री पाळणा हलता न ठेवता अडसर लावून स्थिर करावा. तो स्थिर असताना तळ समपातळीत राहतो की नाही, हे वाटीभर पाणी ठेवून पाहावे. वर टांगलेल्या कापडी चिमण्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच असाव्यात. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर उठू लागले की लहान पाळण्याचे काम संपले असे समजावे.

साडीची झोळी श्रमणाऱ्या आयांची जुनी सोबतीण. रडणारे बाळ तिच्यात चटकन शांत होते. परंतु झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि दोन्ही बाजूंचे कापड नाकाजवळ मिटते. पहिल्या आणि दुसऱ्या कसोटीला झोळी उतरत नाही. तेव्हा कोणी समोर बसलेले असताना बाळाला थोडा वेळ झुलवावे आणि ते निजले की उचलून सपाट शेजेवर ठेवावे. रात्रभर झोळीत ठेवू नये.

सुंभाची वा नवारीची बाज मध्ये खोलगट होते. बाळासाठी ती योग्य नव्हे.

नवा पाळणा निवडताना

पलंगाला लागून उभा करावयाच्या पाळण्याची एक बाजू खाली दुमडते आणि तो आईच्या पलंगाला पट्ट्यांनी बांधता येतो. योग्य रीतीने बांधला तर लहान खोलीस हा फारच सोयीचा, कारण आईला उठावे लागत नाही. दुकानात किंवा सुताराकडे जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

कठड्याच्या दोन दांड्यांमधील अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे. त्याहून रुंद फटीतून बाळाचे अंग घसरते आणि डोके अडकते. एखादी दांडी सैल, तुटकी वा मागाहून ठोकलेली नसावी. गादी चौकटीत नेमकी बसावी. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटे शिरली तर ती गादी लहान आहे. जादा गादी वा घडी घातलेली रजई त्या फटीत कोंबून उपाय करू नये. कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर आलेले नसावेत, कारण अंगड्याचा बंद त्यांत अडकून फास बसू शकतो. खिळे, स्क्रू, टोके यांवरून आपला तळहात फिरवून पाहावा.

पाळणा पलंगाला जोडल्यावर दोन्ही गाद्यांमध्ये किंचितही पोकळी राहता कामा नये आणि दोन्हींची पातळी जुळली पाहिजे. बांधलेले पट्टे रोज रात्री ओढून पाहावेत. पलंगाची उंची जुळत नसेल तर दुमडणारी बाजू उभी करून, कड्या पक्क्या लावून, तो पाळणा केवळ शेजारी ठेवावा. विटा वा लाकडाचे ठोकळे घालून उंची जुळविण्याच्या भरीस पडू नये.

जुना पाळणा मिळाला तर दोन गोष्टी तपासाव्यात. एक बाजू वरखाली सरकणारे जुन्या घडणीचे मोठे पाळणे टाळावेत. सरकती बाजू निखळून पडलेल्या फटीत बाळे अडकल्यामुळे जून २०११ पासून अमेरिकेत त्यांची निर्मिती आणि विक्री बंद करण्यात आली. दुसरी गोष्ट रंगाची. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते आणि दात येणारे बाळ कठडा चघळल्यावाचून राहत नाही. असा पाळणा वापरू नये. त्याचा रंग घरात घासून काढणेही हितावह नाही, कारण शिसे धुळीतून पसरते.

किमतीविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, झालर, चांदवा आणि खेळणी यांनी किंमत वाढते, सुरक्षितता वाढत नाही. ज्या घरात पाळण्यास जागा वा पैसा नाही, तेथे आईच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर चटई, तिच्यावर बाळाची स्वतंत्र पातळ, घट्ट गादी अंथरली तर चारही कसोट्या पुऱ्या होतात. मात्र पावसाळ्यात मण्यार, ज्याला छत्तीसगडात करैत म्हणतात, रात्री जमिनीवर निजलेल्यांना दंश करतो. म्हणून मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचावी. जाळी ताणलेली असावी आणि बाळाच्या अंगावर लोंबू नये.

ऊन, थंडी आणि शेगडी

मे महिन्यात रायपूरचा पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. बाळाला वाऱ्यापासून जपण्याच्या नादात कुंची, टोपडे आणि दोन दुपट्यांत गुंडाळून ठेवू नये. अति उष्णता हाही झोपेतील धोकाच आहे. उन्हाळ्यात एक सैलसे सुती अंगडे पुरते. कूलर वा पंख्याचा झोत अंगावर थेट नको, खोलीतील हवा खेळती राहील एवढे पाहावे. ऊब हातापायांवरून न पाहता छातीवर किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावी. तेथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. थंडीत पांघरुणाऐवजी अंगात एक जादा कपडा घालावा. पांघरावेच लागले तर पातळ दुपटे छातीपर्यंतच आणून कडा गादीखाली खोचाव्यात. पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी टोपी घालण्यास सांगितली असल्यास ती घट्ट बसणारी, तोंडावर न सरकणारी असावी.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल विदर्भात आणि छत्तीसगडातही आहे. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो झोपलेल्या माणसाला जागे होऊ देत नाही. आई आणि बाळ दोघेही त्याला बळी पडू शकतात. शेक हवाच असेल तर तो जागेपणी, उघड्या दाराखिडक्यांत घ्यावा आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर न्यावी. विडी-सिगारेटचा धूर तर बाळाच्या खोलीत कधीच नको.

आईच्या कुशीविषयी

मग आईची कूस वर्ज्य काय? मुळीच नाही. दूध पिताना, जागेपणी, बाळाचे स्थान तेच. २.५ किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी तर आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत जीवनदायी ठरली आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात तिचा आरंभ झाला. तेथे उबविण्याच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. कांगारू आपले पिलू पिशवीत बाळगते, त्यावरून तिला नाव मिळाले. डॉक्टर वा परिचारिका बांधणी कशी करावी ते दाखवितात. त्यात बाळाची मान सरळ आणि नाक मोकळे राहते.

प्रश्न येतो तो आईला झोप लागल्यावर. दूध पाजता पाजता डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यावर वा आरामखुर्चीत बसू नये. तेथे बाळ बाजूच्या फटीत घसरण्याचे भय सर्वांत अधिक. त्यापेक्षा उशा आणि रजया दूर सारलेला पलंग बरा. जाग येताच बाळाला त्याच्या शेजेवर ठेवावे. बाळ अकाली वा कमी वजनाचे असेल, अंथरुणात कोणी मद्यपान वा धूम्रपान करणारे असेल किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेले असेल, तर बाळाला त्या अंथरुणात क्षणभरही झोपवू नये.

आता आपल्या बीरगावच्या खोलीकडे वळू. वडिलांनी पाहून ठेवलेला पाळणा पलंगाच्या उंचीशी जुळतो का, हे मोजून पाहणे हे त्यांचे काम. जुळला नाही तर सासूबाईंनी आणलेला पाळणाच तपासून, अडसर लावून पलंगाशेजारी उभा करता येईल. त्यांची गोधडी वाया जाणार नाही. जागेपणी बाळाला पोटावर खेळविण्यासाठी जमिनीवर तिच्याहून चांगले अंथरूण कोणते? राईची उशी मात्र ट्रंकेतच राहू द्यावी. घरी येणाऱ्या मितानीनलाही शेज दाखवावी. मितानीन म्हणजे छत्तीसगडी बोलीत मैत्रीण. २००२ पासून या राज्यात हे नाव गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तीला मिळाले आहे. देशात इतरत्र जी 'आशा', तीच येथील मितानीन. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते आणि त्याचे वजन, ताप, अंगावर पिणे पाहते. तिच्यादेखत शेजेचीही चर्चा झाली तर सून आणि सासू यांच्यात वाद उरणार नाही.

दिवे मालवण्यापूर्वी घरातील एकाने रोज शेजेवर नजर टाकावी. सपाट, घट्ट, रिकामी आणि आईजवळ, एवढे चार शब्द मनात म्हणावेत. वडिलांची रात्रपाळी नसेल त्या दिवशी हे काम त्यांनीच पत्करावे, म्हणजे थकलेल्या आईच्या जिवाला तेवढाच विसावा मिळेल.